बरे वाटले म्हणून गोळी बंद करू नये

आपल्या बहुतेक घरांत वडीलधाऱ्यांच्या उशाशी गोळ्यांचा एक डबा असतो. त्यातली एक गोळी 'बीपीची' किंवा 'छातीची' म्हणून ओळखली जाते. स्ट्रिपवर कंपनीने दिलेले नाव ठळक असते, पण त्याखालची बारीक अक्षरेही वाचावीत. मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल, बिसोप्रोलोल, कार्व्हेडिलोल, नेबिव्होलोल अशी 'लोल'ने संपणारी नावे दिसली, तर ते औषध बीटा-ब्लॉकर आहे असे समजावे.

भीती, राग किंवा श्रमाच्या वेळी शरीरात ॲड्रेनलिन वाढते आणि हृदय जोराने धडधडू लागते. ही गोळी हृदयावरचा तो परिणाम अडवते. ठोके संथ होतात, रक्तदाब उतरतो, हृदयाला प्राणवायू कमी लागतो. स्कॉटलंडचे सर जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात या गटातले प्रोप्रॅनोलोल हे औषध शोधले. अशा कामगिरीसाठी त्यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

गोळी लागू पडली की माणसाला बरे वाटते, आणि धोका तिथेच असतो. "आता मी ठणठणीत आहे, कशाला रोज औषध?" असे म्हणून अब्बा गोळी सोडून देतात. कधी गावी लग्नाला गेल्यावर स्ट्रिप संपते आणि चार दिवस तसेच जातात. मात्र बरेच दिवस ही गोळी घेतलेले हृदय ॲड्रेनलिनला अधिक संवेदनशील झालेले असते. औषध अचानक थांबले की ठोके आणि रक्तदाब उसळतात. ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत, त्यांना छातीत दुखू लागते, झटकाही येऊ शकतो. गोळी बंद करायचीच असेल तर डॉक्टर साधारण १ ते २ आठवड्यांत ती हळूहळू कमी करतात. म्हणून घरात आठवड्याच्या गोळ्या शिल्लक असतानाच नव्या आणाव्यात.

डोस माणसागणिक वेगळा असतो. हृदय अशक्त झालेल्या रुग्णाला कार्व्हेडिलोल बहुधा ३.१२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, जेवणासोबत असे सुरू करतात. मग किमान दोन-दोन आठवडे थांबून, सोसेल तसे वाढवतात. सुरुवातीला थकवा येतो, हातपाय गार पडतात, उठताना चक्कर येते. म्हणून बिछान्यातून सावकाश उठावे. "शेजारच्या चाचांना ५० ची आहे, मग मला २५ ची का?" या प्रश्नाला काही अर्थ नाही.

एखादी गोळी विसरली तर आठवताच घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर विसरलेली सोडून द्यावी. दोन गोळ्या एकदम कधीही घेऊ नयेत.

रमजानमध्ये ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवायला हवी. मेटोप्रोलोल दोन प्रकारचे मिळते. साधे बहुधा दिवसातून दोनदा घ्यावे लागते, तर हळूहळू विरघळणारे एकदाच. हळूहळू विरघळणारी गोळी चावू किंवा कुटू नये, नाहीतर सारे औषध एकदम अंगात उतरते. रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना विचारून इफ्तार आणि सहरीच्या वेळा ठरवून घ्याव्यात. सकाळची गोळी चुकवून इफ्तारला दोन घेणे हा उपाय नव्हे. डॉक्टरांनी रोजा ठेवू नका असे सांगितले, तर आजाऱ्याला दीनने दिलेली सवलत मनात संकोच न ठेवता घ्यावी.

दम्याच्या रुग्णाने ही गोळी सुरू होण्यापूर्वी आपला दमा डॉक्टरांना सांगितलाच पाहिजे, कारण काहींच्या श्वासनलिका आवळतात. मधुमेह असलेल्यांची साखर उतरली की एरवी हात थरथरतात आणि धडधड होते. या गोळीमुळे त्या खुणा झाकल्या जातात, घाम मात्र येतो. तेव्हा दरदरून घाम सुटला की आधी साखर तपासावी. व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे, कारण दोन्ही मिळून ठोके फार मंद होऊ शकतात.

नाडी मोजायला घरातल्या मुलांनाही शिकवता येते. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटे ठेवून ३० सेकंदांचे ठोके मोजायचे आणि दुप्पट करायचे. ठोके ५० च्या खाली असतील तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करावा. भोवळ येऊन पडणे, धाप लागणे किंवा छातीत दुखणे असे झाले तर थेट दवाखाना गाठावा.

आज एवढे करूया. एका कागदावर गोळीचे खरे नाव, मिलिग्रॅम आणि वेळ लिहून तो डब्याच्या झाकणाला आतून चिकटवूया. अम्मी घरात नसतील तेव्हाही अब्बांची गोळी चुकणार नाही.