असीरचा ससाणा

बुऱ्हाणपूरहून खांडव्याकडे निघाले की वीसेक किलोमीटरवर सातपुड्याच्या खिंडीवर असीरगड उभा दिसतो. तापी आणि नर्मदा या दोन खोऱ्यांमधली वाट त्याच्या माऱ्यात येते. म्हणून त्याला दख्खनचा दरवाजा म्हणत. फारुकी सुलतान बहादूरखान शरण आला आणि जानेवारी 1601 मध्ये गड अकबराच्या हाती पडला. पुढच्या काही आठवड्यांतच या विजयाची आठवण सोन्यात उमटली.

ती असीर टांकसाळीची मोहर. एका बाजूला उभा ससाणा आणि भोवती फुलापानांची नक्षी. दुसऱ्या बाजूला फारसी अक्षरांत ‘अल्लाहु अकबर’, टांकसाळीचे नाव, अकबराच्या इलाही कालगणनेचा सन 45 आणि महिना इस्फंदारमुज. इलाही वर्षाचा हा शेवटचा महिना, म्हणजे फेब्रुवारी-मार्च 1601. असे एक नाणे आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

याचे मोल सोन्यापेक्षा चित्रात आहे. मुघल नाण्यांवर एरवी फक्त अक्षरे असत. बाजारात चालणारा अकबराचा चांदीचा रुपया सुमारे साडेअकरा ग्रॅमचा. तो बुऱ्हाणपुरातही पाडला जाई, पण त्यावर प्राणी-पक्षी नसत. सजीवांची चित्रे अकबराने मोजक्याच नाण्यांवर येऊ दिली: असीरचा ससाणा, आग्र्याचे बदक आणि राम-सीतेची अर्धी मोहर.

हे काम कसे चाले, ते ‘आईन-ए-अकबरी’त नोंदलेले आहे. पोलादी ठशावर अक्षरे कोरणाऱ्या दिल्लीच्या मौलाना अली अहमदची या ग्रंथाचा लेखक अबुल फजल याने तोंड भरून स्तुती केली आहे. धातूच्या कांबीतून गोल चकत्या कापायच्या, चकती दोन ठशांच्या मध्ये धरायची आणि वरून घण घालायचा. एका घावात दोन्ही बाजू उठतात. ठशावर सगळे उलटे कोरावे लागते. पक्ष्याचे पीस न् पीस पोलादात उलटे खोदणाऱ्या त्या हाताची ओळख मात्र इतिहासाने जपली नाही.

स्मारक नाण्यांची ही वाट पुढे फार लांब गेली. 2021 मध्ये ब्रिटनच्या रॉयल मिंटने जीवाश्म शोधणाऱ्या मेरी ॲनिंगच्या स्मरणार्थ काढलेल्या नाण्यांवर टेम्नोडोंटोसॉरस आणि प्लेसिओसॉरस हे प्राचीन समुद्री सरपटणारे प्राणी आले. ती चांदीतही निघाली. आपल्याकडेही जीवाश्मांचा असा ठेवा थोडा नाही. असीरगडाच्या पलीकडे, नर्मदेच्या खोऱ्यात धार जिल्ह्यातल्या बाग परिसरात क्रिटेशस काळी समुद्र आत शिरला होता. तिथल्या चुनखडीत सागरी अर्चिन, अमोनाइट आणि शार्कचे दात सापडतात. सातपुड्यावर काळ्या पाषाणाचे थर साचले, ते त्यानंतर.

मुंबई-कोलकात्याच्या सरकारी टांकसाळी चांदीची स्मारक नाणी नेहमी काढतात. गड जिंकल्याची आठवण म्हणून एक ससाणा नाण्यावर आला. आता नर्मदेच्या समुद्राची आठवण म्हणून बागचा एक अमोनाइट चांदीवर यावा. ही मागणी मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रातल्या नाणेसंग्राहकांनी आणि भूशास्त्रज्ञांनी मिळून केली पाहिजे.