पवईच्या पेशी आणि आंतड्याचा कर्करोग

पवईच्या तलावाकांठीं वसलेल्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेंत ४ एप्रिल २०२४ या दिवशीं राष्ट्रपति द्रौपदी मुर्मू यांच्या हस्तें एका नव्या औषधाचें उद्घाटन झालें. औषध म्हटलें कीं बाटली किंवा गोळी डोळ्यांपुढें येते. हें औषध तसें नव्हे. रोग्याच्याच रक्तांतील पेशी काढून घ्यावयाच्या, त्यांना शत्रु ओळखण्याची नवी विद्या शिकवावयाची आणि त्या पुन्हां त्याच्याच अंगांत सोडावयाच्या, असा हा उपाय आहे. वर्तमानपत्रांनीं त्याचें ठळक अक्षरांत स्वागत केलें. तें योग्यच होतें. मात्र ठळक अक्षरांत 'कर्करोग' एवढाच शब्द मावला, कोणता कर्करोग तें बारीक अक्षरांत गेलें. मग ज्या घरीं वडिलांच्या मोठ्या आंतड्यावर शस्त्रक्रिया होऊन गेली आहे आणि वर्षा-दीड वर्षानें रोग यकृतांत पुन्हां उगवला आहे, त्या घरांतला मुलगा डॉक्टरांना साहजिकच विचारतो, कीं पवईचा तो उपाय आमच्या वडिलांना कां देत नाहीं? पैशाची सोय आम्ही करूं.

प्रश्न भाबडा नाहीं. जगांतील मोठमोठ्या प्रयोगशाळा गेलीं कित्येक वर्षें हाच प्रश्न सोडवीत बसल्या आहेत. तूर्त उत्तर 'देतां येत नाहीं' असेंच आहे. परंतु तें कां, हें समजण्यासाठीं आधीं पवईस काय घडलें तें पाहिलें पाहिजे.

आपल्या रक्तांत ज्या पांढऱ्या पेशी असतात त्यांपैकीं टी-पेशी नांवाचा एक वर्ग पहारेकऱ्याचें काम करतो. रोगजंतूंनीं बाधलेली पेशी दिसली कीं टी-पेशी तिला चिकटते आणि ठार करते. कर्करोगाची पेशी मात्र घरचीच असल्यामुळें पहारेकऱ्याची नजर तिच्यावरून सहज घसरून जाते. तेव्हां पहारेकऱ्याच्या हातीं गुन्हेगाराची खूणच लिहून दिली तर? ही कल्पना इस्रायलमधील झेलिग एश्हार आणि त्यांचे सहकारी यांनीं १९८९ सालीं प्रयोगानें मांडून दाखविली. निरुपद्रवी केलेल्या एका विषाणूच्या पाठीवरून टी-पेशींत नवा जनुक पोंचवितात. त्यामुळें पेशीच्या अंगावर एक नवा पंजा फुटतो आणि तो ठराविक खूण असलेल्या पेशीलाच धरतो. अशा पेशी प्रयोगशाळेंत कोट्यवधींनीं वाढवून, गोठवून, रोग्याच्या खाटेपाशीं नेतात.

अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथें २०१२ सालीं सहा वर्षांच्या एका मुलीला अशा पेशी दिल्या गेल्या. तिचा रक्ताचा कर्करोग कोणत्याही औषधास दाद देत नव्हता. पेशींनीं काम सुरू केलें तें इतक्या जोरानें, कीं त्या झटापटींतून निघालेल्या द्रव्यांनीं मुलगी मरणाच्या दारीं जाऊन पोंचली. तिला वांचविलें तें संधिवातावरच्या एका औषधानें. तें औषध आठवण्याचें कारण असें, कीं संशोधकांचे प्रमुख कार्ल जून यांची स्वतःची मुलगी संधिवातानें आजारी होती आणि तें औषध त्यांच्या माहितीचें होतें. मोठ्या शोधांत असे योगायोग पुष्कळदां दडलेले असतात. ती मुलगी बरी झाली. २०१७ सालीं अमेरिकेंत या उपचारास परवानगी मिळाली आणि त्याची किंमत पावणेपांच लाख डॉलर ठरली.

एवढी रक्कम आपल्याकडे किती घरांना झेपणार? अमेरिकेंतून २०१३ च्या सुमारास पवईस आलेले प्राध्यापक राहुल पुरवार यांनीं हेंच काम येथें, येथल्या हातांनीं करावयाचें ठरविलें. परदेशीं वापरांत असलेल्या पंजाचा खूण ओळखणारा भाग उंदराच्या प्रथिनापासून घेतलेला होता. पवईच्या मंडळींनीं तो मानवी प्रथिनाशीं मिळता-जुळता करून घेतला. संस्थेच्याच आश्रयानें 'इम्युनोॲक्ट' ही कंपनी निघाली. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील रुग्णालयांत ४ जून २०२१ रोजीं पवईंत तयार झालेल्या पेशी भारतांत प्रथमच एका रोग्यास देण्यांत आल्या. परळचें टाटा रुग्णालय १९४१ सालीं उघडलें, त्याला त्या वर्षीं ८० वर्षें पुरीं झालीं होतीं. तळ्याकाठची प्रयोगशाळा आणि हें जुनें रुग्णालय एकत्र आलीं नसतीं, तर हें काम कागदावरच राहिलें असतें.

असे प्रयोग पायरीपायरीनें चालतात. पहिल्या पायरीवर थोड्या रोग्यांस औषध देऊन तें सोसतें कीं नाहीं आणि किती मात्रा सोसते एवढेंच पाहतात. रोग हटतो कीं नाहीं हा प्रश्न खऱ्या अर्थानें दुसऱ्या पायरीवर विचारतात. पवईच्या औषधाला ऑक्टोबर २०२३ मध्यें सरकारी परवानगी मिळाली, आणि ६४ रोग्यांचा वृत्तांत २०२५ सालीं 'लॅन्सेट हीमॅटॉलॉजी' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. ज्यांच्यावरील परिणाम मोजतां आला त्यांच्यापैकीं शेंकडा ७३ जणांचा रोग पूर्णतः किंवा अंशतः हटला. हे सारे रोगी इतर उपाय थकलेले होते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या आंकड्याचें मोल कळतें. सर्वांचाच रोग कायमचा गेला असें नाहीं, कांहींचा उलटला. खर्च सुमारें ४० लाख रुपये, म्हणजे परदेशाच्या मानानें फारच थोडा, तरी मध्यम स्थितीच्या घराला घर विकावयास लावील इतका.

आतां मूळ प्रश्नाकडे वळावयाचें. पवईच्या पेशी जी खूण शोधतात तिचें नांव सी. डी. १९. ती रक्तांतील बी-पेशी नांवाच्या वर्गाच्या अंगावर असते. बी-पेशींना कर्करोग झाला म्हणजे रोगी पेशींवर ती असतेच. पण निरोगी बी-पेशींवरहि ती असते! शिकविलेले पहारेकरी दोघींत भेद करीत नाहींत, सरसकट कत्तल करतात. तरी रोगी जगतो. कारण बी-पेशींवांचून मनुष्य जगूं शकतो. त्यांचें काम रोगप्रतिबंधक प्रथिनें बनविण्याचें. तीं प्रथिनें बाहेरून टोंचून देतां येतात. या उपचाराचें सारें यश या एका सवलतीवर उभें आहे. फुफ्फुसांवांचून किंवा आंतड्याच्या अस्तरावांचून जगण्याची सवलत शरीरानें कोणास दिलेली नाहीं.

याची किंमत मोजूनच हें ज्ञान मिळालें. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेंत आंतड्याचा कर्करोग सर्वांगांत पसरलेल्या एका रोग्यास, हर-२ ही खूण ओळखणाऱ्या सुमारें एक हजार कोटी पेशी देण्यांत आल्या. पंधरा मिनिटांत श्वास अडकला आणि पांचव्या दिवशीं मृत्यु आला. ही हकीकत २०१० सालीं प्रसिद्ध झाली. हर-२ कर्करोगावर पुष्कळ असते. पण अगदीं थोडी, दुर्लक्ष करण्याजोगी, ती फुफ्फुसाच्या निरोगी पेशींवरहि असते. शिकविलेल्या टी-पेशींनीं दुर्लक्ष केलें नाहीं. संशोधकांनीं हें अपयश झांकून न ठेवतां जगापुढें मांडलें, म्हणून पुढच्या प्रयोगांत मात्रा थोड्यापासून चढविण्याची सावधगिरी घेतली जाऊं लागली. अशा कबुलीची किंमत यशाच्या वृत्तांताहून कमी मानूं नये.

दुसरी खूण सी. ई. ए. ज्या घरांत हा रोग येऊन गेला आहे तेथें हीं अक्षरें पाठ असतात, कारण शस्त्रक्रियेनंतर दर कांहीं महिन्यांनीं रक्तांतील सी. ई. ए. मोजतात. कॅनडांतील गोल्ड आणि फ्रीडमन यांनीं १९६५ सालीं ती शोधली. तिच्यावर नेम धरणाऱ्या टी-पेशी तीन रोग्यांना दिल्याचा वृत्तांत २०११ सालचा आहे. तिघांच्याहि रक्तांतील सी. ई. ए. झपाट्यानें उतरलें, एकाच्या गांठी आकसल्या. आणि तिघांनाहि मोठ्या आंतड्याचा इतका तीव्र दाह झाला, कीं काम तेथेंच थांबवावें लागलें. खूण निरोगी अस्तरावरहि होती.

याखेरीज आणखी एक अडचण आहे. रक्ताचा कर्करोग वाहत्या रक्तांत आणि हाडांच्या मगजांत असतो. पेशी शिरेंतून सोडल्या कीं शत्रूच्या गोटांतच उतरतात. आंतड्याची गांठ म्हणजे तटबंदीचा किल्ला. भोंवतीं चिवट तंतूंचें कुंपण, आंत पहारेकऱ्यांना गुंगी आणणारीं द्रव्यें. आंत शिरलेली पेशी कांहीं दिवसांत थकते.

तरी वाट अगदींच बंद नाहीं. जी. सी. सी. या नांवाची एक खूण आंतड्याच्या अस्तरावर, अन्न वाहतें त्या आंतल्या बाजूस असते. रक्ताच्या बाजूनें येणाऱ्या पेशींना ती सहसा दिसत नाहीं. कर्करोग यकृतांत गेला म्हणजे मात्र ती उघडी पडते. हा भेद हेरून चीनमध्यें १५ रोग्यांवर प्रयोग झाला आणि २०२४ सालीं प्रसिद्ध झाला. सहा जणांच्या गांठी लक्षांत येण्याइतक्या आकसल्या. जुलाब मात्र पंधराहि जणांना झाले. म्हणजे अस्तराचा तो आडपडदा समजला होता तितका घट्ट नव्हता. पंधरा हा आंकडा पहिल्या पायरीचा आहे. त्यावरून कोणाच्या वडिलांचें भवितव्य सांगतां येत नाहीं, आणि कोणीं सांगूंहि नये.

मग शरीराच्या पहाऱ्यावर भिस्त ठेवून आंतड्याचा कर्करोग बरा झालाच नाहीं काय? झाला आहे, पण निराळ्या मार्गानें. पेशी दुभंगतांना तिच्यांतील आनुवंशिक लिखाणाची नक्कल होते, आणि नकलेंतील चुका सुधारण्यास शरीरानें मुद्रितें तपासणारीं कांहीं प्रथिनें नेमलेलीं आहेत. कांहीं कर्करोगांत हा तपासनीसच गैरहजर असतो. चुकांवर चुका सांचतात आणि पेशी इतकी विद्रूप होते, कीं पहारेकऱ्याला ती परकी दिसूं लागते. फक्त त्याचा हात एका लगामानें आंवळलेला असतो. तो लगाम सैल करणारें डोस्टार्लिमॅब हें औषध न्यूयॉर्क येथें डॉ. आंद्रेया सर्चेक यांनीं गुदाशयाच्या अशाच कर्करोगाच्या १२ रोग्यांस सहा महिने दिलें. बाराहि जणांचा रोग दिसेनासा झाला. शस्त्रक्रिया नाहीं, किरणोपचार नाहीं. हा वृत्तांत २०२२ सालचा. पुढें २०२५ सालीं संख्या ४९ झाली, आणि उपचार पुरा केलेल्या एकूणएक ४९ जणांत तेंच दिसलें. येथेंहि बारीक अक्षरें आहेतच : तपासनीस गैरहजर असलेले रोगी गुदाशयाच्या कर्करोगांत शेंकडा ५ ते १०, आणि हा रोग इतरत्र पसरण्यापूर्वींचा प्रयोग. उरलेल्यांना शस्त्रक्रिया, किरण आणि नेहमींचीं औषधें हाच आजचा भरंवशाचा मार्ग आहे.

पैशाची सोय करणाऱ्या मुलानें दोन गोष्टी माहीत करून घ्याव्या. भारतांत मनुष्यावर होणाऱ्या औषधी प्रयोगांची सरकारी नोंदवहींत आगाऊ नोंद १५ जून २००९ पासून सक्तीची आहे, आणि ती नोंदवही कोणासहि पाहतां येते. जेथें नोंदीचा क्रमांक सांगतां येत नाहीं आणि पेशींच्या नांवानें लाखो रुपये मागितले जातात, तेथें पाऊल ठेवूं नये. दुसरी गोष्ट त्या तपासनीस प्रथिनांची. वडिलांच्या गांठीचा तुकडा पहिल्या तपासणीच्या वेळींच मेणांत बसवून ठेवलेला असतो. प्रथिनें आहेत कीं नाहींत तें त्याच तुकड्यावरून पाहतां येतें. नवी सुई नको, नवी शस्त्रक्रिया नको. ही तपासणी मुंबईंतच होते, आणि तिला पवईच्या उपचाराच्या मानानें कवडीइतकाच खर्च येतो.