धबधब्यातून सुखरूप उतरणारे जिवाणू

गोकाकला घटप्रभा ५२ मीटर खाली कोसळते. पावसाळ्यात तिथल्या झुलत्या पुलावर उभं राहिलं की शेजाऱ्याचं बोलणंही ऐकू येत नाही. इतका मार खाल्लेल्या पाण्यात रोगजंतू कसले उरणार, असं आपल्या भागात पुष्कळांना वाटतं. पण वरच्या गावांची घाण घेऊन आलेले जिवाणू खाली सुखरूप पोचतात. उलट शेतातला एखादा पंप, योग्य जोडणी असली तर, त्याच पाण्यातले जिवाणू फोडू शकतो. त्याची ताकद धबधब्यापेक्षा जास्त असते असंही नाही. ५२ मीटरचा पाण्याचा स्तंभ म्हणजे साधारण ५ बार दाब, आणि चांगला पंपही तेवढा दाब देतो.

फरक पडतो तो ही ताकद कुठे खर्च होते त्यामुळे. ई. कोलाय हा जिवाणू जेमतेम २ मायक्रोमीटर लांब, म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा भाग. धबधब्याच्या खळाळातले अगदी लहान भोवरेसुद्धा त्याच्या कित्येक पट मोठे असतात. भोवरा फिरतो तसा जिवाणूही फिरतो. त्याच्या एका टोकाला जितका रेटा बसतो जवळजवळ तितकाच दुसऱ्या टोकाला, मग भिंत फाटणार कशी? त्याला मारायचं तर घाव त्याच्याच मापाचा हवा.

तो घाव बुडबुड्यांतून मिळतो. विहिरीचं पाणी खोल गेलं की पंप आत खडे भरल्यासारखा खडखडतो, आणि पुढे उघडून पाहिलं तर इम्पेलरवर बारीक खड्डे पडलेले दिसतात. वेदगंगेच्या किंवा दूधगंगेच्या काठावरच्या ऊस उत्पादकाला हे सांगावं लागत नाही. पाणी अरुंद जागेतून जाताना त्याचा वेग वाढतो आणि दाब घटतो. ३० अंश तापमानाला हा दाब वातावरणाच्या सुमारे चोविसाव्या भागापर्यंत उतरला की पाणी न तापवताच उकळतं आणि वाफेचे सूक्ष्म बुडबुडे तयार होतात. पुढे नळी रुंद झाली, दाब परत वाढला की ते मायक्रोसेकंदांत कोसळतात. कोसळण्याच्या त्या बिंदूपाशी तापमान क्षणभर काही हजार अंशांवर आणि दाब शेकडो वातावरणांवर जातो, तरीही भोवतालचं पाणी फारसं तापत नाही. त्यातून निघालेला धक्का, पाण्याची सूक्ष्म पिचकारी आणि पाण्याच्या रेणूंचे तुटलेले तुकडे, हे सगळं मिळून जिवाणूची भिंत फोडतं. या क्रियेला कॅव्हिटेशन म्हणतात.

ही क्रिया आधी शत्रू म्हणूनच ओळखीची झाली. १८९० च्या दशकात ब्रिटिश जहाजबांधणीत जहाजांचे वेगवान पंखे बुडबुड्यांमुळे अपेक्षेइतका जोर देईनात. त्या प्रश्नातून पुढे लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये कोसळणाऱ्या बुडबुड्याचं गणित मांडलं. १९२९ मध्ये अमेरिकेत हार्वे आणि लूमिस यांनी उच्च कंपनांच्या ध्वनीने चमकणारे जिवाणू मारून दाखवले. पण ध्वनीचं यंत्र महाग, आणि त्याचा प्रभाव टोकाजवळच्या थोड्या पाण्यापुरताच.

गावाच्या पाण्याला उपयोगी पडेल असं पाऊल माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे जुन्या यूडीसीटीत पडलं. अनिरुद्ध पंडित यांनी तिथे पंप, नळी आणि भोकं पाडलेली चकती एवढ्या साध्या साहित्यावर वर्षानुवर्षं काम केलं. २००१ मध्ये त्यांनी सहकारी संशोधकासह बोअरवेलच्या पाण्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत ध्वनीच्या तुलनेत वाहत्या पाण्यातलं कॅव्हिटेशन ऊर्जेच्या हिशेबाने परवडणारं ठरलं. ओझोन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडची जोड दिली तर परिणाम आणखी वाढतो, हेही त्यांनी पुढे दाखवलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने पाणी चपट्या गोल कोठीत कडेने सोडून त्याचा भोवरा करण्याची पद्धत वापरली. बुडबुडे मध्यभागी होतात, त्यामुळे धातू कमी झिजतो. याच पद्धतीला जिवाणूनाशक वनस्पती-तेलांची जोड देणाऱ्या त्यांच्या तंत्राचं नाव ‘स्वस्तिक’.

हे तंत्र आपल्या भागात कुठे लागू पडेल? साखर कारखान्यात त्याची गरज नाही, असं माझं मत आहे. तोडलेला ऊस यार्डात पडून राहिला की ल्युकोनोस्टॉक जिवाणू साखरेचं डेक्स्ट्रान करतात, रस चिकट होतो, गाळप अडतं. हे नुकसान खरं आहे, पण त्यावर उपाय ऊस लवकर गाळणं हाच, आणि बगॅसच्या वाफेने उष्णता तिथे तशीही स्वस्त मिळते. दुधाचंही तसंच. होमोजिनायझर शेकडो बार दाबाने सायीचे कण फोडतो, तरी ७२ अंशांवर १५ सेकंदांचं पाश्चरीकरण टाळता येत नाही. रसवंतीचा रस मात्र तापवला की चव जाते. तिथे यांत्रिक उपायाला खरी जागा आहे. परदेशात ४००० ते ६००० बार दाबाखाली ठेवलेले फळांचे रस बाजारात मिळतात. जिवाणूंचे बीजाणू मात्र एवढ्या दाबालाही दाद देत नाहीत.

पिण्याच्या पाण्याबाबत एक मर्यादा फार महत्त्वाची आहे. बुडबुडा फुटला की त्याचं काम संपलं. क्लोरीन मागे उरतो आणि नळीत राखण करतो. बेळगावला येणारं राकसकोप किंवा हिडकल धरणाचं पाणी शुद्धीकरण केंद्रात कितीही निर्जंतुक केलं, तरी पुरवठा थांबल्यावर रिकाम्या वाहिनीत फटींतून गटाराचं पाणी शिरतं. हुबळी-धारवाडमध्ये चोवीस तास पाण्याचे प्रायोगिक प्रभाग सुरू झाल्यावर संशोधकांनी नळांचं पाणी तपासलं. अखंड पुरवठ्याच्या नमुन्यांपैकी १ टक्क्याहून कमी नमुन्यांत ई. कोलाय सापडला, तर खंडित पुरवठ्यात जवळपास एक तृतीयांश नमुन्यांत. बेळगावच्या काही प्रभागांतही याच योजनेतून अखंड पाणी आलं.

म्हणून माझा कौल असा: जिवाणू मारणारी यंत्रं बोअरवेलच्या गावांत, वसतिगृहांत आणि सांडपाण्यावर जरूर बसवावीत, त्याने क्लोरीनही कमी लागेल. पण शहरात पहिली गरज वाहिनीत चोवीस तास दाब टिकवण्याची आहे, कारण तोच दाब घाणीला बाहेर ठेवतो. भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला हवा. आपल्या गल्लीच्या शेवटच्या नळाला तो किती आहे आणि वाहिनीत दाब किती तास टिकतो, हे दोन आकडे बेळगावच्या महापालिकेकडे, निपाणीच्या नगरपालिकेकडे लेखी मागा. ते समाधानकारक होईपर्यंत पाणी खळखळून उकळूनच प्या. बेळगावच्या उंचीवर पाणी ९७-९८ अंशांना उकळतं, आणि रोगजंतू मारायला तेवढं पुरेसं आहे.