मांडीत रॉड बसवण्याआधी

मांडीचं हाड मोडलं की आपल्याकडे सर्रास ‘आत रॉड टाकला’ म्हणतात. जर्मन शल्यविशारद गेरहार्ड कुंचर यांनी १९३९ मध्ये सुरू केलेली ही पद्धत. तिची तयारी स्क्रब नर्स करते. ऑपरेशनमध्ये वारंवार एक्स-रे घ्यावा लागतो, म्हणून आधी शिशाचा एप्रन, मग हात धुणं, निर्जंतुक गाऊन आणि दुहेरी हातमोजे. टेबलावर गाइड वायर, हाडाची पोकळी रुंदावणारे रीमर अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने चढत्या क्रमात, निरनिराळ्या मापांचे रॉड.

सगळ्यात मोलाची तपासणी पुढची. रॉड जिगला, म्हणजे स्क्रूसाठी नेम धरणाऱ्या चौकटीला, जोडून, ड्रिल रॉडच्या भोकातून आरपार जातं का, हे बाहेरच बघायचं. कितीही घाई असो, ही दोन मिनिटं वाचवू नयेत! नेम चुकलेला असेल, तर हाडात गेल्यावर स्क्रू भोकात शिरत नाही आणि रुग्णाची भूल लांबत जाते.