टेबलावरचा देह कोणाचा

वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की गावाला केसपेपरची रांग आठवते, अपघात विभागाबाहेरची गर्दी आठवते, रात्री जिन्याखाली सतरंजी अंथरून झोपलेले नातेवाईक आठवतात. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचेही तसेच आहे. १९८९ साली ते सुरू झाले आणि जिल्ह्याचा बहुतेक मोठा आजार तेव्हापासून त्याच्या दारात येऊन थांबतो. पण डॉक्टर घडायला जिथून सुरुवात होते ते दालन गावातल्या फार थोड्या माणसांनी पाहिलेले असते. ते म्हणजे शरीररचनाशास्त्र विभागाचे विच्छेदनगृह. विद्यार्थी त्याला डिसेक्शन हॉल म्हणतात.

अशा हॉलची मांडणी कुठेही गेलात तरी साधारण सारखीच. रांगेने टेबले, त्यांवर झाकलेले देह, डोळ्यांत पाणी आणणारा फॉर्मेलिनचा वास. एका टेबलाभोवती मुलामुलींचा गट उभा असतो. एक जण कनिंगहॅमच्या पुस्तकातली कृती मोठ्याने वाचतो, दुसरा चिमटा आणि स्कालपेल धरतो, बाकीचे वाकून बघतात. बहुधा हातापासून सुरुवात होते. मग पाय, छाती, पोट, शेवटी डोके, मान आणि मेंदू. मधूनमधून हाडांची तोंडी परीक्षा. परीक्षक हाड हातात देतात आणि पहिला प्रश्न विचारतात, उजवे की डावे? दोनशे सहा हाडांपैकी कोणतेही हाड समोर येऊ शकते. यवतमाळात हे शिक्षण एकाच परंपरेतून चालत नाही. याच शहरात दयाभाई मावजी मजिठिया आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि बीएएमएसच्या अभ्यासक्रमात ‘रचना शारीर’ हा विषय आहे. एकीकडे सुश्रुताचे नाव घेतले जाते, दुसरीकडे युरोपातून आलेल्या पाठ्यपुस्तकांचे. देह मात्र दोन्हीकडे याच जिल्ह्यातला, याच माणसांचा.

या दालनाचा इतिहास वाचताना सनावळ्या आणि थोर शिक्षकांची नावे भराभर सापडतात. मला त्यापेक्षा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा महत्त्वाची वाटत आली आहे. टेबलावर कोण होते? आणि त्याला कोणी विचारले होते का?

लंडनमध्ये १५४० साली आठव्या हेन्रीच्या काळात न्हावी आणि शल्यकर्म करणारे यांचा एक संघ कायद्याने बांधला गेला. दाढी करणारा वस्तरा आणि फोड कापणारा वस्तरा तेव्हा एकाच बिरादरीत होता. आपल्याकडच्या गावातही तुंबडी लावणे, गळू फोडणे ही कामे न्हाव्याच्या हातची असत, त्यामुळे हे आपल्याला परके वाटू नये. त्या कायद्याने संघाला दरसाल फाशी गेलेल्या चार गुन्हेगारांचे देह विच्छेदनासाठी दिले. संघाचे स्वतःचे सभागृह होते. तिथे प्रात्यक्षिके होत आणि पुढे सतराव्या शतकात इनिगो जोन्स या वास्तुरचनाकाराने आखलेले खास विच्छेदन-नाट्यगृह तिथे उभे राहिले. गोल चढत जाणाऱ्या पायऱ्या, मध्ये टेबल. १७४५ साली शल्यविशारद न्हाव्यांपासून वेगळे झाले, आणि १८०० साली त्यांचे रॉयल कॉलेज झाले.

ॲमस्टरडॅमच्या शल्यविशारदांच्या संघाची जागा जुन्या शहरवेशीच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर होती. रेम्ब्रांटने १६३२ साली रंगवलेले डॉक्टर टुल्प यांच्या पाठाचे चित्र या संघानेच करवून घेतलेले. त्या चित्रातल्या एकूण एक सभासदाला चेहरा आहे, नाव आहे. टेबलावरच्या माणसाचेही नाव इतिहासाला ठाऊक आहे, आद्रियान आद्रियानझून. चोरीसाठी त्याला त्याच जानेवारीत फाशी दिले होते. चित्रात टुल्प हाताच्या स्नायूंपासून सुरुवात करताना दिसतात. प्रत्यक्षात त्या काळी पोटापासून सुरुवात करत, कारण आतडी आधी कुजतात. विच्छेदन हिवाळ्यात ठेवत आणि थोड्या दिवसांत आटोपत. आज आपली मुले निवांतपणे हातापासून सुरुवात करू शकतात, महिनोन्‌महिने एकाच देहावर काम करू शकतात, यवतमाळच्या मे महिन्यातल्या उन्हातही करू शकतात, त्यामागे फॉर्मेलिन आहे. फर्डिनांड ब्लुम या जर्मन वैद्याने १८९३ च्या सुमारास त्याचा ऊती टिकवण्याचा गुण दाखवून दिला. शिकवण्याचा क्रमच त्या एका रसायनाने बदलला.

आता पुण्याकडे वळू. १७९२ च्या म्हैसूरच्या लढाईत इंग्रजी फौजेसोबत असलेला कावसजी नावाचा बैलगाडीवाला टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नाक करून दिले. आधी मेणाचा पातळ तुकडा नाकाच्या आकाराचा करून बसवून पाहिला, तो सपाट करून कपाळावर ठेवला, कडेने रेघ मारली. त्या रेघेने कपाळाची कातडी सोडवली, पण दोन भुवयांच्या मधला देठ तसाच जोडलेला ठेवला, म्हणजे रक्त चालू राहील. कातडी फिरवून खाली आणली, जुन्या व्रणाच्या कडा ताज्या करून त्यात बसवली, आणि टाके न घालता काथाच्या लेपाने चिकटवली. वर तुपात भिजवलेले कापड. रोग्याला काही दिवस उताणे निजवून ठेवले. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास देठ कापला. इंग्रज शल्यविशारदांनी हे डोळ्यांनी पाहिले, आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याचा चित्रासह वृत्तांत आला. इंग्रज शल्यविशारद जोसेफ कार्प्यू यांनी ती रीत आधी मृतदेहांवर घोटून पाहिली, १८१४ साली जिवंत रोग्यावर केली आणि १८१६ साली त्यावर पुस्तक काढले.

त्या पुण्याच्या माणसाचे नाव त्या वृत्तांतात नाही. ही गोष्ट मला फार लागते. कावसजीचे नाव आहे, मासिकाचे आहे, कार्प्यूचे आहे. ज्याच्या बोटांनी ते घडले तो एका जातीचा प्रतिनिधी म्हणून नोंदला गेला. त्याचे ज्ञान घराण्यात बापाकडून मुलाकडे जात असणार. लंडनचा संघही तसा बंद दरवाजाआडचाच होता, पण त्याच्याकडे सभागृह होते, नोंदवही होती, दहा जणांसमोर कापून दाखवण्याची आणि चूक काढण्याची सक्ती होती. आपल्याकडे हात तयार होता, सभागृह नव्हते. म्हणून ती विद्या इथून लंडनला गेली आणि पाठ्यपुस्तकातून परत आली.

एके काळी आपल्याकडे तसे दालन नव्हते, पण रीत होती. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात देह कसा तपासावा हे सविस्तर दिले आहे. सर्व अवयव शाबूत असलेला, विषाने न मेलेला, दीर्घ आजाराने न खंगलेला, शंभरीचा नसलेला देह निवडावा. आतड्यांतील मळ काढावा. मुंज, साल, कुश किंवा ताग गुंडाळून देह पिंजऱ्यात ठेवावा आणि आडोशाच्या जागी वाहत्या पाण्यात बांधावा. सात रात्रींनी काढून वाळा, केस, बांबू यांच्या कुंचल्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंत एकेक थर बघत जावे. शस्त्र चालवण्याचा सराव कोहळा, दुध्या, काकडी यांवर करायचा, खरवडण्याचा सराव केसाळ कातड्यावर. फॉर्मेलिन नसताना पाण्याला आणि कुजण्याला कामाला लावणारी ही योजना किती विचाराची आहे ते प्रत्यक्ष काम करणाऱ्यालाच नीट कळेल. शल्यतंत्रात हाडे ३०० मोजली, चरकाने ३६०. आजची संख्या वेगळी येते, कारण दात, नखे, कूर्चा यांना हाडांत धरायचे की नाही हा हिशेब वेगळा. पुढे अनेक शतके ही रीत ग्रंथात राहिली आणि हातातून सुटली.

इंग्रजी काळात मुंबईत १८२६ साली डॉक्टर मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली देशी भाषांतून शिकवणारी वैद्यकशाळा निघाली, १८३२ साली ती बंद झाली. १८३६ साली कलकत्त्यात मधुसूदन गुप्त यांनी विच्छेदन केले आणि हिंदू विद्यार्थ्यांची भीड मोडली. १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज उभे राहिले. जमशेटजी जिजीभाई यांचे रुग्णालय शेजारीच होते. प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग तिथल्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी, आणि १८५१ साली पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात प्रेताला हात लावणे म्हणजे घर आणि ज्ञाती दोघांना तोंड देणे होते. त्या मुलांनी ते केले.

याच कॉलेजात १८५८ नंतर हेन्री व्हँडाइक कार्टर शरीररचनाशास्त्र शिकवायला आले. त्याच वर्षी लंडनमध्ये ‘ग्रेज ॲनाटॉमी’ची पहिली आवृत्ती निघाली होती आणि तिच्यातली सारी चित्रे कार्टर यांच्या हातची होती. त्यांनी प्रत्येक स्नायूचे, प्रत्येक धमनीचे नाव चित्रातल्या त्या त्या भागावरच लिहिले, त्यामुळे विद्यार्थ्याला तळटीप शोधत बसावे लागेना. पुस्तकाचे लेखक ग्रे यांना खपातला वाटा मिळाला, कार्टर यांना एकरकमी १५० पौंड. पुढे ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते आणि कुष्ठरोगावर, ‘मदुरा पाय’ या रोगावर त्यांनी मोठे काम केले. जगभरच्या डॉक्टरांच्या डोळ्यांत बसलेली ती चित्रे ज्याने काढली, त्याने आयुष्याची कितीतरी वर्षे महाराष्ट्रात घालवली, हे आपल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना सांगायला हवे. ती चित्रे ज्या देहांवरून काढली ते बहुतांशी बेवारस गरिबांचे होते, हेही सांगायला हवे.

कारण तोवर इंग्लंडात कायदा बदलला होता. १७५२ पासून खुन्याच्या फाशीनंतर विच्छेदन हा शिक्षेचाच भाग झाला होता. देह पुरेनात तेव्हा थडगी उकरली जाऊ लागली. १८२८ साली एडिंबरात बर्क आणि हेअर या दोघांनी सोळा माणसे मारून देह विकले. त्यानंतर १८३२ च्या कायद्याने फाशीची अट गेली आणि गरिबांच्या आश्रयगृहांत, रुग्णालयांत मेलेले, कोणी न नेलेले देह वैद्यकशाळांना मिळू लागले. गुन्हेगाराची जागा गरिबाने घेतली. मुंबई राज्याचा १९४९ चा शरीररचनाशास्त्र कायदाही बेवारस देहांभोवतीच उभा आहे. तो पुढे महाराष्ट्रभर लागू झाला आणि त्यात स्वेच्छेने देह देणाऱ्यांसाठी वाट झाली. ती वाट हा या सगळ्या इतिहासातला खरा बदल आहे असे मी मानतो. त्या वाटेने टेबलावरचा माणूस आपण होऊन ‘हो’ म्हणू लागला.

विदर्भाला हे सारे उशिरा मिळाले. नागपूरला १९१४ साली रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघाले, १९४७ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. सेवाग्रामचे महाविद्यालय १९६९ चे. यवतमाळच्या, पुसदच्या, वणीच्या मुलाला डॉक्टर व्हायचे तर जिल्हा सोडावा लागे. १९८९ नंतर तसे राहिले नाही. याच जिल्ह्यातल्या गहुलीत जन्मलेल्या वसंतराव नाईकांचे नाव या महाविद्यालयाला आहे, ते योग्यच आहे.

२०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेले शेकडो शेतकरी आणि शेतमजूर याच रुग्णालयात आले. काही दगावले. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशक मज्जातंतू आणि स्नायू जिथे भेटतात तिथे काम बिघडवते. स्नायू फडफडतात, मग थकतात, श्वासाचा पडदा साथ सोडतो. तो पडदा कुठे चिकटलेला असतो, मानेतून निघणारा कोणता मज्जातंतू त्याला चालवतो, हे विद्यार्थी पहिल्या वर्षी त्या टेबलावर शिकतो. नळी घालताना घशात काय कुठे आहे तेही तिथेच. यवतमाळात शरीररचना ही परीक्षेपुरती गोष्ट राहत नाही.

पण असा माणूस दगावला तर त्याचा देह विच्छेदनगृहात जात नाही. विषबाधा, आत्महत्या, अपघात या पोलिसांच्या प्रकरणांत शवविच्छेदन होते आणि असा देह देहदानात घेत नाहीत. सुश्रुताने विषाने मेलेला नको म्हटले होते ते वेगळ्या कारणाने, निष्कर्ष तोच. आत्महत्यांमुळे देशभर नाव गेलेल्या या जिल्ह्यात देह देऊ शकणारा माणूस म्हणजे बहुधा म्हातारपणाने किंवा साध्या आजाराने घरी गेलेला माणूस. कोणाची आजी, कोणाचे निवृत्त गुरुजी.

२०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात देह हा पहिला शिक्षक आहे या आशयाचा स्वतंत्र पाठ आहे आणि विच्छेदन सुरू करण्याआधी विद्यार्थी शपथ घेतात. हे चांगले झाले. देह देणाऱ्या कुटुंबाला महाविद्यालयाने वर्षातून एकदा बोलवावे, मुलांनी त्यांच्यासमोर उभे राहावे, एवढे आणखी व्हायला हवे. तिसऱ्या दिवशी राख सावडायला जाणाऱ्या आपल्या समाजात ज्या घराने ती राखही मागे ठेवली नाही, त्या घराने काय दिले ते त्या मुलांनी समोरासमोर ऐकले पाहिजे.

ज्यांना देहदान करायचे त्यांनी शरीररचनाशास्त्र विभागातून अर्ज घ्यावा, साक्षीदारांच्या आणि जवळच्या नातेवाइकाच्या सह्या कराव्यात. नेत्रदान आधी करता येते, त्यासाठी डोळे साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात. काही संसर्गजन्य आजारांत देह घेत नाहीत. अर्ज भरलेला असला तरी त्या दिवशी निर्णय घरचेच घेतात. तेव्हा सही करण्याआधी घरात सर्वांशी बोलावे, विशेषतः बाहेरगावी असलेल्या मुलामुलींशी. देह पुष्कळदा अडतो तो त्यांची वाट पाहताना.