काळुंदराचे गणगोत

गोव्यातील खाजनांत मानशीपाशी सापडणारा काळुंदर खवय्यांच्या चांगला परिचयाचा आहे. मलबारकडे ह्यालाच करिमीन म्हणतात आणि केरळ राज्याने २०१० साली त्याला राज्यमत्स्याचा मान दिला. ब्लॉख नावाच्या जर्मन पंडिताने १७९० मध्ये शास्त्रीय नामकरण करताना त्याला सुरतेचे नाव चिकटवले, तेही आजतागायत टिकून आहे. पण नाव आणि चव बाजूला ठेवून त्याच्या कुळाची चौकशी करू लागावे, तर ती थेट समुद्रापार जाते.

काळुंदर सिक्लिड कुळातला. ह्या कुळाचा पसारा आफ्रिकेत व दक्षिण अमेरिकेत प्रचंड. हिंदुस्थानात मूळच्या जाती अवघ्या तीन. ह्या तिघांचे सर्वांत जवळचे सोयरे मात्र आफ्रिकेत नव्हेत, मादागास्कर बेटावर आहेत. मध्ये हिंदी महासागर! आणि हा तर दगडावर अंडी चिकटवून नरमादीने मिळून त्यांवर पहारा करणारा, घर धरून राहणारा मासा. तो एवढा समुद्र ओलांडील कसा?

एक उत्तर मोठे मोहक आहे. सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी हिंदुस्थानची भूमी मादागास्करपासून सुटली आणि गलबतासारखी उत्तरेकडे सरकू लागली; तिच्याच नद्यांतून काळुंदराचे पूर्वज इकडे आले. कुळाच्या शाखा फुटण्याचा क्रम आणि खंड विलग होण्याचा क्रम बऱ्याच अंशी जुळतो, हे ह्या मताचे बळ. अडचण आहे ती जीवाश्मांची. सिक्लिडांचे जुने, निर्विवाद अवशेष टांझानियातील महेंगे येथे मिळाले, ते सुमारे ४.६ कोटी वर्षांचे. २०१३ साली मांडलेल्या एका हिशेबाने तर सबंध कुळाचेच वय ५.७ ते ६.५ कोटी वर्षे ठरते. म्हणजे गलबत सुटून गेल्यावर उतारू जन्माला आला! तसे असेल तर पूर्वज समुद्र ओलांडूनच आले असले पाहिजेत. काळुंदर निमखारे पाणी सुखाने सोसतो, ही ह्या पक्षाची साक्ष. पहिली कथा मनातून सोडवत नाही, हे खरे; पण दगडांतला पुरावा तूर्त दुसरीकडे झुकतो.

दरम्यान १९५२ मध्ये माणसाने आफ्रिकेतील मोझांबिक तिलापिया हिंदुस्थानात आणला. तोही सिक्लिडच, मात्र ह्याची मादी अंडी तोंडात घेऊन फिरते. कोट्यवधी वर्षांची ताटातूट झालेले हे भाऊबंद आता गोव्या-केरळच्या पाण्यात एकत्र नांदतात. नांदतात म्हणण्यापेक्षा जागेसाठी व अन्नासाठी झगडतात.