रिद्धपूरचे नागदेवाचार्य : सिंहासनाविना धर्मसत्ता

तेराव्या शतकात जर्मनीतील माइन्झ, कोलोन आणि ट्रियर येथील आर्चबिशप, म्हणजे अनेक धर्मप्रांतांवर अधिकार चालवणारे ख्रिस्ती महाधर्माध्यक्ष, राजाच्या निवडीत मत देत, आपल्या मुलखात कर घेत आणि सैन्यही बाळगीत. कोलोनचे एंगेलबर्ट तर अल्पवयीन राजाचे पालक म्हणून राज्यकारभार पाहत असत आणि १२२५ मध्ये नातलगाच्याच कटात मारले गेले. त्याच शतकात वऱ्हाडात, आजच्या अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात मोडणाऱ्या रिद्धपुरास, धर्मनेतृत्वाची अगदी वेगळी घडण झाली.

महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी १२७४ च्या सुमारास उत्तरेकडे निघून गेल्याचे पंथ मानतो. त्यांच्या पश्चात शिष्य नागदेवाचार्य, ज्यांना भटोबास असेही म्हणतात, रिद्धपुरास येऊन चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सेवेत राहिले आणि १२८६ च्या सुमारास गोविंदप्रभूही गेल्यावर विखुरलेल्या अनुयायांना त्यांनीच धरून ठेवले. देवगिरीच्या यादव दरबारात तेव्हा हेमाद्री हा श्रीकरणाधिप, म्हणजे दप्तराचा प्रमुख, असून त्याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या संस्कृत ग्रंथात व्रते, दाने आणि श्राद्धे यांचा प्रचंड विस्तार आहे. भिक्षेवर जगणारा, स्त्रियांना आणि शूद्रांना संन्यास देणारा हा पंथ त्या व्यवस्थेला छेद देणारा होता. केशोबासांसारख्या विद्वान शिष्यांचा कल संस्कृत रचनेकडे असताना नागदेवाचार्यांनी त्यांना थोपवले, कारण तसे केल्यास पंथातील साध्या वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकल्या असत्या. धर्मज्ञान कोणाच्या हाती राहावे हे ठरवणारा हा निर्णय त्या काळातील मोठी राजकीय कृती मानला पाहिजे. पंथाचेच शिष्य म्हाइंभट यांनी ठिकठिकाणी फिरून चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या आणि त्यांतून ‘लीळाचरित्र’ हा मराठीतील आद्य गद्यग्रंथ सिद्ध झाला. पंथातील कवयित्री महदाइसेचे धवळेही, म्हणजे विवाहप्रसंगीची गीते, रिद्धपूरच्याच परिसरात रचले गेले.

१२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजी अचलपूरमार्गे देवगिरीवर चालून गेला आणि तेथील यादव राजा रामदेवराय याने अचलपूर प्रांताचा महसूल देण्याचे मान्य केले, असे तवारिखा सांगतात. नागदेवाचार्यांचे निधन १३०२ च्या सुमारास झाले. पुढील धामधुमीत ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत हरवली, तेव्हा हिराइसेसारख्या शिष्यांच्या स्मरणातून ती पुन्हा लिहिली गेली, आणि म्हणूनच या ग्रंथाचे अनेक पाठ आढळतात. पुढे पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले. ग्रंथ त्यामुळे टिकले हे खरे, पण ज्या सामान्य माणसांसाठी मराठीचा आग्रह धरला होता त्यांनाच ते शतकानुशतके दुर्गम झाले, ही हानी थोडी नव्हे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वि. का. राजवाडे, वि. ल. भावे, यवतमाळचे य. खु. देशपांडे आणि नागपूरचे ह. ना. नेने यांच्या परिश्रमांमुळे हे वाङ्मय हळूहळू सर्वसामान्य वाचकांसमोर आले.